कला बाटली म्हणता, ती नक्की केव्हा?

गाण्याची बैठक संपून चहा फिरू लागला की एक तक्रार हमखास ऐकू येते. गुरूच्या घरी पाणी भरून विद्या मिळवणारे शिष्य गेले, आता मोबाइलवर ‘कोर्स’ विकत घेतात. विद्येचा बाजार झाला. बोलणारा बहुतेक वेळा कळकळीनं बोलत असतो, म्हणून त्याचं म्हणणं आधी नीट मांडू. पैसा मध्ये आला की गुरूचा दुकानदार होतो, आणि यंत्र मध्ये आलं की गळ्यातून गळ्यात जाणारी विद्या तुटते. दोन्ही आक्षेप वजनदार वाटतात. इतिहासापुढे मात्र दोन्ही टिकत नाहीत.

आधी पैशाचं घेऊ. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले ते जुन्याच पद्धतीनं, सेवा करून. मग त्यांनी संस्थानिकाचा आश्रय सोडला, तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, हजेरी, अभ्यासक्रम, परीक्षा, छापील स्वरलिपीची पुस्तकं, हे सगळं त्यांनी गाण्यात आणलं. आजच्या भाषेत हा ‘स्टार्टअप’च. 1908 मध्ये ते मुंबईत आले, कर्ज काढून इमारत उभी केली आणि ते कर्ज न फिटल्यामुळे इमारत हातची गेली. धंद्यातली जोखीम त्यांना चुकली नाही. पण त्या धडपडीतून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, बी. आर. देवधर उभे राहिले. देवधरांनी मुंबईत स्वतःची संगीतशाळा काढली आणि कुमार गंधर्व शिकले ते तिथे. शाळेत गवई घडत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी कुमारांचं काय करायचं ते ठरवावं.

आणि ज्या गुरुगृहाच्या आठवणीनं डोळे पाणावतात, त्याचं दार कुणाला उघडं होतं? चांगल्या घरातल्या मुलीनं गाणं शिकणं तेव्हा बदनामीचं मानलं जाई. चीज मागितली तर अर्धीच सांगणारे, राग विचारला तर विषय बदलणारे उस्ताद आणि बुवा काही दंतकथेतले नव्हेत. संगीताचे अभ्यासक भातखंडे घराण्याघराण्यांत वणवण फिरले ते याच कुलपांमुळे. त्यांनी बंदिशी स्वरलिपीत बांधून छापल्या, तेव्हाही ‘कागदावर गाणं मेलं’ अशी ओरड झालीच. आज त्या क्रमिक पुस्तकांशिवाय कुठल्या विद्यार्थ्याचं चालतं?

आता यंत्र. 1902 मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत होती. ख्यालाची ही चेष्टाच. तरीही दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून गदगचा एक पोरगा वेडावला आणि पुढे गुरूच्या शोधात घर सोडून पळाला. तो भीमसेन जोशी झाला. तबकडीनं त्याला शिकवलं नाही. शिकण्याची तहान लावली. तंत्रज्ञानाकडून याहून मोठं काम मागायचं तरी कोणतं?

शुद्धतेचा हुकूम काढून काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. 1940 मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत चालली. तेवढ्या काळात पेटी मैफलीतून हलली नाही, नाटकातून नाही, कीर्तनातून तर नाहीच.

मग नव्या यंत्रात खोट नाहीच का? आहे, पण ती तक्रारखोरांना दिसते तिथे नाही. व्हिडिओ कॉलवर गुरू-शिष्यांना बरोबरीनं गाता येत नाही, कारण आवाज पोहोचायला जो किंचित उशीर लागतो तो लयीला खातो. शिवाय ही ॲप्स बोलण्यासाठी बनलेली. अखंड वाजणारा तंबोरा त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो पुसून टाकतात. मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ देण्याची सोय काही ॲप्समध्ये आहे, पण किती शिक्षकांना ते बटण ठाऊक असतं? यंत्राला नावं ठेवत बसणाऱ्यांनी ते कधी उघडून पाहिलेलंच नसतं. (नाशिकची मुलगी असो की न्यू जर्सीतली, तिला घरबसल्या तालीम मिळते, हे त्यांच्या हिशेबातच नाही.)

त्याहून मोठी खोट मालकीची आहे. पलुसकरांच्या विद्यालयाची घडी पलुसकरांनी बसवली होती. आज गाणं कुणापुढे जायचं ते परक्या कंपनीची गणितं ठरवतात. पारंपरिक बंदिश गाऊन व्हिडिओ टाकला, तरी त्यावर एखादी रेकॉर्ड कंपनी हक्क सांगू शकते आणि गाणारा घाबरून तो उतरवतो. 2012 च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात गीतकार, संगीतकार आणि गायक-वादकांच्या रॉयल्टीला संरक्षण आलं. विशारद झालेल्या दहा जणांना विचारून पाहा, किती जणांना हे माहीत आहे.

संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांकडे म्हणून एकच मागणी आहे. रागांचं शास्त्र आणि घराण्यांचा इतिहास जसा विचारता, तसा करार वाचणं, ध्वनिमुद्रण करणं आणि आपल्या शिकवणीचा दर ठरवणं यावरही एक पेपर ठेवा. आणि तो शिकवायला बाहेरचा एमबीए आणू नका. ज्यानं स्वतः मैफल करून हॉलचं भाडं भरलं आहे, अशा कलावंताला बोलवा.