मान्सून दाखल झाला, मग सेंद्रिय शेतकरी पेरणीला थांबतो का?

२०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. १९५० पासूनच्या नोंदी पाहिल्या तर मुंबईत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. पावसाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत होते, पण कृषी विभाग शेतकऱ्यांना सांगत होता की पेरणीची घाई करू नका. पुढे झालंही तसंच. मेअखेरीस मान्सूनची वाटचाल थांबली आणि जूनच्या मध्यापर्यंत थांबूनच राहिली.

२०२३ मध्ये याच्या उलट घडलं. मुंबईत मान्सून पोहोचायला २५ जून उजाडला. नंतरचा ऑगस्ट तर १९०१ पासूनचा देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला.

मग पेरणीची वेळ ठरवायची कशावरून? हा प्रश्न सगळ्याच कोरडवाहू शेतकऱ्यांचा आहे. पण दोन-तीन एकरांत सेंद्रिय शेती करणाऱ्याला इथली चूक जास्त महाग पडते.

'मान्सून आला' म्हणजे नेमकं काय?

केरळात मान्सून जाहीर करताना हवामान विभाग १४ ठरावीक केंद्रांवरचा पाऊस पाहतो. त्यातल्या किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडावा लागतो. वाऱ्याची आणि ढगांची स्थितीही तपासली जाते.

पेरणीचा हिशोब वेगळा आहे. खरिपासाठी साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि जमिनीत वाफसा आल्यावरच पेरा, असा सल्ला दिला जातो. म्हणजे बातमीतला मान्सून आणि शेतातली ओल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरची दोन बोटं माती भिजली आणि नंतर आठ-दहा दिवस उघडीप पडली, तर उगवलेला कोंब जळतो आणि दुबार पेरणी करावी लागते.

सेंद्रिय शेतीत हे जास्त का जाणवतं?

बियाणं : दुबार पेरणीची वेळ आली की बाकीचे शेतकरी दुकानातून नवी पिशवी आणतात. सेंद्रिय प्रमाणीकरणात मात्र रासायनिक प्रक्रिया केलेलं बियाणं चालत नाही, बीटी कापूस तर अजिबात नाही. घरचं राखलेलं बियाणं वाया गेलं तर ऐन हंगामात दुसरं शोधणं अवघड असतं.

तण : तणनाशक नसल्यामुळे पहिल्या पावसाचा उपयोग वेगळा करावा लागतो. आधी तण उगवू द्यायचं, वाफसा आला की वखराची पाळी देऊन ते मोडायचं आणि मग पेरायचं. ही पाळी चुकली तर पुढे खुरपणीची मजुरी वाढते.

कीड : इथे तारीखच औषधाचं काम करते. कपाशीची लागवड १ जूनपूर्वी करू नका, असं सांगितलं जातं ते गुलाबी बोंडअळीमुळे. लवकर लावलेल्या कपाशीवर अळीला आयतं खाद्य मिळतं आणि तिचं जीवनचक्र तुटत नाही. खरीप ज्वारीत उलट आहे. पुरेसा पाऊस झाल्यावरही पेरणी लांबवली, तर खोडमाशीचा त्रास वाढतो.

खत : मागे पडलेलं पीक युरिया टाकून सावरता येत नाही. शेणखतातलं नत्र ओल आणि उष्णता मिळाल्यावर हळूहळूच मोकळं होतं.

मग थांबायचं किती?

थांबण्यालाही मर्यादा आहे. मूग आणि उडीद साधारण जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरावे लागतात, सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत. त्यापुढे उत्पादन घटत जातं. शिवाय सोयाबीन उशिरा निघालं की मागच्या हरभऱ्याला जमिनीतली ओल कमी पडते. पाऊस फारच लांबला तर बाजरी, तूर किंवा या दोघांचं आंतरपीक हा पर्याय उरतो.

म्हणून 'मृगाची पेरणी' हा जुना आडाखा आजही निरुपयोगी नाही. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं आणि तिथून पेरणीचा काळ सुरू होतो. पण त्याच दिवशी तिफण धरायची, असा त्याचा अर्थ नाही.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, शेतातला पाऊस मोजणं. राज्यातल्या 'महावेध' प्रकल्पाची हवामान केंद्रं महसूल मंडळ पातळीवरची आहेत. एका मंडळात अनेक गावं येतात आणि पाऊस बांधाबांधावर बदलतो. शेतात साधं पर्जन्यमापक असलं तर अंदाज चुकत नाही.

दुसरी, पेरणीआधी उगवणशक्ती तपासणं. ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवायचे. सोयाबीनचे किमान ७० उगवले तर बियाणं ठीक. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवायचं.

तिसरी, सगळं रान एकाच दिवशी, एकाच पिकाखाली न घालणं. सोयाबीनमध्ये तूर घेतली किंवा काही दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत पेरलं, तर एक उघडीप सगळा हंगाम घेऊन जात नाही. खोडमाशीमुळे ज्वारीला मात्र टप्पे करू नयेत.

मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा झाला आणि तो खाली टाकताच फुटला, तर वाफसा आहे. चिखलासारखा चिकटून राहिला तर जमीन अजून ओली आहे आणि गोळाच झाला नाही तर ओल कमी आहे. पेरणीच्या दिवशी ही तपासणी कुठल्याही हेडलाइनपेक्षा जास्त कामाची आहे.