५ लाखांतला नॉर्वेचा भयपट: आकड्याला भुलू नका, त्याची पाठ बघा



'सर, कमीत कमी भांडवलात सुरू होणारा धंदा सांगा.' मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आज त्याचं उत्तर एका सिनेमातून देतो.

सिनेमाचं नाव 'थाले'. नॉर्वेचा, २०१२ सालचा. दिग्दर्शक अलेक्सांदर नोर्दोस. बजेट सांगितलं जातं साधारण १० हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने ५ लाख रुपयांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्यात दुकानाचं फर्निचरही होत नाही. आणि हा सिनेमा अमेरिकेतल्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवापर्यंत पोचला.

गोष्टीतले दोघं आपल्यासारखेच छोटे व्यावसायिक. मृत्यू झालेल्या जागेची साफसफाई करणं हा लिओचा धंदा, आणि एल्विस त्याच्या मदतीला आलेला. जंगलातल्या एका म्हाताऱ्याच्या घरी काम करताना त्यांना तळघर सापडतं. तिथे एक मुलगी आहे, जी बोलत नाही. ती असते 'हुल्द्रा'.

हुल्द्रा म्हणजे नॉर्वेच्या लोककथांमधली रानातली बाई. समोरून अतिशय देखणी, माणसाला भुलवणारी. पण मागे गाईसारखी शेपटी, आणि काही कथांमध्ये तिची पाठ कुजलेल्या झाडासारखी पोकळ. आस्ब्यॉर्नसेन यांनी १८४५ पासून या कथा पुस्तकरूपात छापल्या. म्हणजे नोर्दोसला कच्चा माल फुकट मिळाला, आणि गिऱ्हाईकाला तो आधीच ओळखीचा होता.

आता धंद्याचं बघू. त्याने आपल्या खिशाला झेपेल एवढीच गोष्ट निवडली. बराचसा सिनेमा एका घरात, एका तळघरात. मुख्य पात्रं तीन. भीती वाटते ती जुन्या कॅसेटमधल्या आवाजाने आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्या कापलेल्या शेपटीने. यात महागडं काय आहे? काहीच नाही. माझ्या मते सिनेमा कच्चा पडतो तो शेवटाकडे. तिथे जंगलातल्या बाकीच्या हुल्द्रा कॉम्प्युटरवर करून दाखवल्यात आणि पैसा कमी पडल्याचं लगेच दिसतं. तळघरात जमलेला धंदा उगाच जंगलात नेला. पहिल्या दुकानाचा जम बसायच्या आत दुसरी शाखा काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण थांबा. '५ लाखांत होतं बघा' असं म्हणून लगेच उठू नका. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा आणि एडिटिंग ही चारही कामं नोर्दोसने स्वतः केली. या चार माणसांचा पगार बाजारभावाने धरला असता, तर आकडा तेवढाच राहिला असता का?

कमी बजेटचा आकडा हुल्द्रासारखाच असतो. समोरून देखणा, पाठ पोकळ. त्या पोकळीत मालकाची न धरलेली मेहनत असते.

माझ्या बॅचमध्ये खर्चाचा तक्ता भरताना भाडं, वीज, माल सगळं बरोबर लिहिलं जातं. 'स्वतःचा पगार' या ओळीत मात्र बहुतेक जण शून्य लिहितात. आईचे, बायकोचे तास तर तक्त्यात येतच नाहीत.

समजा, तुमचा डबे पोचवायचा धंदा आहे आणि महिन्याला १८ हजार 'नफा' उरतो. रोज १० तास, २६ दिवस म्हणजे २६० तास. तासाला ७० रुपयेसुद्धा पडले नाहीत. उद्या तुम्ही आजारी पडलात आणि तुमच्या जागी १५ हजारांचा माणूस ठेवला, तर उरले ३ हजार. हा तुमचा खरा नफा. बाकीची तुमची मजुरी होती.

सुरुवातीला मजुरी सोडावी लागते, मान्य. मीही तेच सांगतो: पैसा नसेल तर हात वापरा. पण ते वहीत लिहा. लिहिलं नाही तर भाव कमी लावला जातो, आणि एकदा कमी लावलेला भाव वाढवताना गिऱ्हाईक तुटतं.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्याचे या महिन्याचे तास मोजा. स्वतःचे आणि घरच्यांचेही. त्यांना बाजारभाव लावा, नफ्यातून वजा करा आणि उरलेला आकडा कमेंटमध्ये टाका. उणे आला तरी टाका. भाव कुठे वाढवायचा, ते आपण पुढच्या व्हिडिओत बघू.