गर्दी सरकारच्याच दप्तरी होती

‘माझी लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली आणि राज्यभर स्त्रिया न येणाऱ्या ओटीपीची वाट पाहत बसल्या. खुलासा नेहमीचाच: तांत्रिक अडचण!

वाणगावच्या शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून उभे आहे. क्षमता सरासरीवर नव्हे, सर्वाधिक मागणीच्या घटकेवर ठरवावयाची, हे वीज-अभियंत्याला कोणी सांगावे लागत नाही. अणुभट्टी एकसारखी चालते. संध्याकाळच्या वाढीव भारासाठी कोयनेचे पाणी असते. संगणकांचे गणित याहून निराळे नाही. येथे तर अंदाजाचीही गरज नव्हती. दोन कोटींहून अधिक नावे सरकारच्या दप्तरी, मुदत सरकारनेच घातलेली, आणि पती वा पित्याचेही आधार तपासण्याची अट घालून भार दुप्पट करणारेही सरकारच. जिल्हावार दिवस वाटून दिले असते, चार महिन्यांपुरते संगणक भाड्याने वाढवले असते, तरी निभावले असते. त्याऐवजी मुदत वाढली: आधी १८ नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर. डहाणू तालुक्यातील पाड्यावरची मजूर स्त्री वाणगावच्या सेवा केंद्रातून रिकाम्या हाताने परतते, तेव्हा त्या दीड हजारांतून तिची दिवसाची मजुरी वजा होते. ती कोण भरून देणार?