विश्लेषण : यजमान कुटुंबात राहिल्याने स्पॅनिश खरोखर येते का?

स्पॅनिश शिकण्यासाठी स्पेनला निघालेल्या विद्यार्थ्यापुढे प्रवेशाइतकाच मोठा प्रश्न असतो तो राहण्याचा. वसतिगृह, आपल्याकडच्या मुलांसोबत भाड्याचे घर, की स्थानिक कुटुंबातली एक खोली? भाषाशाळांची माहितीपत्रके तिसऱ्या पर्यायाची भरभरून स्तुती करतात. ही स्तुती कितपत खरी, आणि त्यासाठी विद्यार्थ्याने काय करायला हवे?

यजमान कुटुंबाची व्यवस्था कशी असते?

विद्यापीठ किंवा भाषाशाळा विद्यार्थ्याची एका कुटुंबाशी गाठ घालून देते. विद्यार्थ्याला खोली, अंथरूण-पांघरूण, ठरलेल्या दिवशी कपडे धुऊन मिळणे आणि जेवण मिळते. नाश्ता व एक जेवण असेल तर ती ‘मेदिया पेन्सिओन’, तिन्ही वेळचे असेल तर ‘पेन्सिओन कोंप्लेता’. १२१८ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठामुळे ओळखल्या जाणाऱ्या सालामान्का शहरात ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. ग्वाटेमालातील आंतिग्वा शहरात तर सकाळी एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी आणि उरलेला दिवस कुटुंबात, अशी रचना प्रसिद्ध आहे.

महाराष्ट्राला ‘वार लावून’ जेवणारे विद्यार्थी ठाऊक आहेत. तो उपकाराचा व्यवहार होता, हा पैशांचा आहे. हा फरक सुरुवातीलाच लक्षात घेतला, तर पुढचे बरेच गैरसमज टळतात. यजमानीण विद्यार्थ्याची आई नसते आणि मोलकरीणही नसते.

भाषेला फायदा नक्की होतो का?

होतो, पण आपोआप नाही. नॉर्मन सेगालोविट्झ आणि बार्बरा फ्रीड यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मायदेशी स्पॅनिश शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांची स्पेनमधील अलिकान्ते येथे सत्रभर राहिलेल्या विद्यार्थ्यांशी तुलना केली होती. परदेशी गेलेल्यांच्या बोलण्यातील ओघ अधिक वाढला. मात्र वर्गाबाहेर स्पॅनिश किती वेळ कानावर पडली आणि प्रगती किती झाली, यांचा सरळ संबंध आढळला नाही. कारण समजण्यासारखे आहे. ‘जेवण छान आहे’, ‘मी बाहेर जातो’, ‘शुभ रात्री’ ही तीन वाक्ये रोज म्हणून सहा महिने गेले, तर तीन वाक्येच पक्की होतात. कुटुंबात राहिल्याने भाषा बोलण्याची संधी मिळते. तिचा उपयोग मात्र स्वतःच करावा लागतो.

जेवणाचे टेबल इतके महत्त्वाचे का?

स्पेनमधले दुपारचे जेवण साधारण दोन ते साडेतीनच्या दरम्यान आणि रात्रीचे नऊनंतर होते. याला घड्याळाचाही हातभार आहे. नकाशावर ब्रिटनच्या रेषेत असलेला हा देश १९४० पासून मध्य युरोपच्या वेळेनुसार चालतो, त्यामुळे तिथे सूर्य उशिरा मावळतो. संध्याकाळी सातला भूक लागणाऱ्या पाहुण्याला म्हणूनच ‘मेरिएन्दा’, म्हणजे मधल्या वेळच्या खाण्याची सवय करून घ्यावी लागते.

जेवण संपल्यावर ताटे तशीच ठेवून गप्पा मारत बसण्याला स्पॅनिशमध्ये ‘सोब्रेमेसा’ असा स्वतंत्र शब्द आहे. शेजाऱ्यांची भांडणे, फुटबॉल, निवडणूक, भाजीचे भाव असे सगळे विषय तिथे निघतात. भाषेचा वेग, तोडलेली वाक्ये, थट्टा आणि शिव्यांचे सौम्य पर्याय पुस्तकात मिळत नाहीत, ते इथे मिळतात. जेवण उरकून मोबाइल घेऊन खोलीत जाणारा विद्यार्थी नेमका हाच तास गमावतो. त्या तासाचे पैसे त्याने आधीच मोजलेले असतात.

मराठी विद्यार्थ्याला काय सोपे, काय अवघड?

इंग्रजीभाषकांची जीभ अडखळते तिथे मराठी माणसाला अडचण येत नाही. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. ‘चांगला-चांगली’ असे विशेषण बदलण्याची सवय असल्याने ‘बुएनो-बुएना’ चटकन समजते. आपल्याला तीन लिंगे सांभाळावी लागतात, स्पॅनिशमध्ये दोनच. ‘तू’ला तर स्पॅनिशमध्येही ‘तू’च म्हणतात आणि आदरार्थी ‘उस्तेद’ आहे.

गोची इथेच होते. मोठ्यांना अहो-जाहो करण्याचे संस्कार असलेला विद्यार्थी सत्तरीच्या यजमानीणबाईंना ‘उस्तेद’ म्हणतो आणि स्पेनमध्ये त्या बऱ्याचदा ‘तू म्हण’ असे सांगतात. त्यात अनादर नसतो, जवळीक असते. दुसरी अडचण ‘आहे’ची. मराठीत एका क्रियापदावर भागते, स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांतून निवडावे लागते. शिवाय बार्सिलोनात घरातली भाषा कातालान असू शकते. त्यामुळे शहर निवडतानाच कुटुंब आपसात कोणती भाषा बोलते, हे विचारलेले बरे.

शाकाहाराचे काय?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ‘मी मांस खात नाही’ एवढे सांगितले तर ताटात ट्यूना मासा किंवा खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, म्हणजे ‘हामोन’चे, तुकडे येऊ शकतात. यजमानांना त्यात काही चुकले असे वाटत नाही. मसुराच्या आमटीतही अनेक घरांत ‘चोरिसो’ हे सॉसेज घालतात. स्पेनची ‘तोर्तिया’ मेक्सिकोसारखी पोळी नसते, ते बटाटा घातलेले जाड ऑम्लेट असते. म्हणून निघण्यापूर्वीच मांस, मासे, हामोन, अंडे यांपैकी काय चालते आणि काय नाही, याची यादी स्पॅनिशमध्ये लिहून पाठवावी. टोमॅटोचे थंड ‘गास्पाचो’, चणे, भाज्या, पाव, ऑलिव्ह तेल यांवर पोट भरते. मात्र रोज वेगळा स्वयंपाक मागायचा असेल, तर ते आधी ठरायला हवे. यजमानीणबाईंच्या श्रमांनाही किंमत आहे.

खर्च आणि कागदपत्रांचे गणित काय?

९० दिवसांपर्यंतच्या अभ्यासक्रमासाठी शेंगेन व्हिसा, त्याहून अधिक काळासाठी विद्यार्थी व्हिसा लागतो. १८० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असल्यास स्पेनमध्ये गेल्यावर परदेशी नागरिकाचे ओळखपत्रही काढावे लागते. खर्चाची तरतूद दाखवताना ‘इप्रेम’ हा सरकारी निर्देशांक धरतात. २०२३ पासून तो दरमहा ६०० युरो राहिला आहे. शाळेमार्फत कुटुंबात राहण्याची सोय केल्यास तिचे पत्र अर्जाच्या कामी येते.

चौघांनी मिळून घेतलेले घर पुष्कळदा स्वस्त पडते, हे खरे. पण त्या घरात संध्याकाळी मराठी, हिंदी आणि इंग्रजी चालते. लाखो रुपये खर्चून सालामान्काला जायचे आणि पुण्यातल्या खोलीत राहिल्यासारखे राहायचे, ही बचत महागात पडणारी आहे.

खटके उडाले तर?

ते उडतातच. गरम पाण्याचा हिशेब, उशिरा परतणे, मित्रांना घरी आणणे, इतकेच काय, फरशीवर अनवाणी चालणेही तिथे खटकू शकते. आपल्याकडे चप्पल बाहेर काढण्याचा आग्रह, तिथे घरातही सपाता घालण्याचा. असे मतभेद बोलून मिटतात आणि ते बोलणे हाही भाषेचाच धडा असतो. मात्र अपुरे जेवण, कुलूप नसलेली खोली, अपमानास्पद वागणूक किंवा नकोशी सलगी ही ‘संस्कृतीतला फरक’ म्हणून सोसायची गोष्ट नाही. कुटुंब बदलून मिळण्याची अट आणि तातडीचा संपर्क या दोन बाबी पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यायला हव्यात. पालकांनी शहराच्या छायाचित्रांआधी हा कागद पाहावा.

मग निवड कोणती करावी?

पहिले दोन-तीन महिने कुटुंबात काढणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग दिसतो. भाषेची भीड त्या काळातच मोडते. पुढे हवे तर स्पॅनिश बोलणाऱ्या विद्यार्थ्यांसोबत घर घेता येते. जाण्यापूर्वी मायदेशी किमान प्राथमिक पातळी पूर्ण केलेली असावी, कारण एक अक्षरही न येणारा पाहुणा आणि त्याच्याशी खुणांनी बोलणारी यजमानीण, दोघेही आठवडाभरात थकतात. व्याकरण शिकायला पुणे-मुंबईतला वर्गही पुरतो. जेवणानंतर टेबलाशी बसून राहण्याची तयारी असेल, तरच परक्या घरातल्या खोलीचे पैसे वसूल होतात.