शेत विकून शेतातलं लग्न



गेल्या रविवारी माझा धाकटा भाऊ आणि भावजय चिखलीला आमच्याकडे आले होते. चहा झाला आणि भावाने पिशवीतून एक गुळगुळीत फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. "ताई, तू बी.कॉम. आहेस, जरा आकडे बघ." मी चष्मा लावला. भाचीच्या लग्नाचं कोटेशन होतं. पहिल्याच पानावर बैलगाडीचं चित्र.

आकडे बघते म्हटलं तर बघितलेच. बैलगाडीतून नवरीचं आगमन, ४० हजार. 'गावाकडचा कोपरा', म्हणजे जातं, चूल, पितळी हंडे, कंदील आणि एक सुंभाची बाज, दोन दिवसांचं भाडं ७५ हजार. पंपास नावाचं सुकं गवत, सव्वा लाख. (आपल्याकडे सुकं गवत गुरांपुढे टाकतात.) लोणारच्या तळ्यावर ड्रोन उडवून लग्नाआधीचं शूटिंग, ९० हजार. ते तळं अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीत आहे, तिथे पाखरं घरटी करतात, हे फाइल करणाऱ्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. असं करत करत माणसं अडीचशे, दिवस दोन, एकूण ३८ लाख. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, जीएसटी १८ टक्के वेगळा. म्हणजे ४४ लाख ८४ हजार.

मी विचारलं, पैसे कुठून? भाऊ पंख्याकडे बघायला लागला. भावजय म्हणाली, "गावाकडचं तीन एकर काढतोय."

तीन एकर ओलिताचं. मेहकर तालुक्यात, विहिरीसकट. ते विकायचं आणि तिथून तीन तासांवर, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी कुणा दुसऱ्याच्या शेतात जाऊन लग्न लावायचं, कारण मुलीला लग्न 'शेतात' हवंय. मी दोनदा विचारून खात्री केली. असंच होतं.

भाची वाईट मुलगी नाही, हे आधी सांगते. पुण्यात नोकरी करते, हुशार आहे, माझ्यावर जीव आहे तिचा. फोनवर म्हणाली, "आत्या, मला बडेजाव नकोच आहे. सिंपल, एलिगंट, निसर्गात." खरं सांगते, ऐकायला मलाही गोड वाटलं. पण साधेपणाला ४५ लाख लागत असतील तर त्याला साधेपणा म्हणायचं नाही. तो साधेपणाचा देखावा झाला. आणि देखावा कसला, तर आपणच दहा-वीस वर्षांपूर्वी भंगारात घातलेल्या वस्तूंचा. माझ्या माहेरचं जातं आजही परसात पावसात भिजतंय. हंडे मोडीत घालून स्टील घेतलं ते माझ्याच भावजयीने. बैलजोडी विकली माझ्याच भावाने. आता तेच सगळं भाड्याने परत आणायचं, फोटोपुरतं.

लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवतं ना? एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करायचा आणि आपण पोट धरून हसायचो. आता आपणच निघालोय. लंडनला नाही, एवढंच.

तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, ताईंचं वय झालं, नव्याला नावं ठेवतात. तर माझंही ऐकून घ्या. माझ्या मुलीच्या लग्नात, २००९ साली, मी १४०० पत्रिका वाटल्या होत्या. आतषबाजी केली होती. कोण जेवलं, कोण न जेवता गेलं, मला आजतागायत माहीत नाही. त्या मानाने अडीचशे माणसांचं लग्न बरं, हा या नव्या पद्धतीच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे आणि तो मला मान्य आहे. पण यादी कापताना कात्री कुणावर चालते ते बघा. मी भावाची यादी पाहिली. त्याच्या दुकानात २२ वर्षं हिशेब लिहिणारा दिवाणजी त्यात नाही. शेजारचं माळ्याचं घर नाही, ज्यांच्या प्रत्येक लग्नात आम्ही पंगतीला बसलो. देऊळगाव राजाची आमची विधवा मावशी आहे, पण तिला कोण नेणार आणि कोण आणणार हे कुणी ठरवलेलं नाही, म्हणजे तीही नाहीच. मुलीच्या ऑफिसमधले ४० जण मात्र आहेत. कमी माणसं बोलवा, जरूर बोलवा. पण ज्यांनी मुलीला अंगाखांद्यावर खेळवलं त्यांना गाळून नव्हे.

आता धर्माचं बोलते. लग्नाची तारीख अक्षय्य तृतीयेची. आपल्यासाठी हा दिवस कशाचा? भगवान आदिनाथांना राजा श्रेयांसाने उसाच्या रसाचा आहार दिला, दानाची परंपरा तिथून सुरू झाली, तो दिवस. त्या दिवशी आपण कुठल्याशा खेड्याच्या शिवेवर जाणार, तारेच्या कुंपणाच्या आत जेवणार, आणि फाटकावर दोन सुरक्षारक्षक उभे करणार. कशासाठी? गावातली पोरं आत येऊ नयेत म्हणून. ती ओळही कोटेशनमध्ये आहे, रकमेसकट. गावात लग्न आणि गावाला जेवण नाही, हे माझ्या आजीला समजावून सांगताच आलं नसतं.

आणि जेवणाची वेळ? संगीत साडेसातला, जेवण साडेनऊला. मी विचारलं, आईचं काय? आई ८४ वर्षांची आहे. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाही, चाळीस वर्षं झाली. भावजय म्हणाली, "त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे की."

ही वेगळी सोय मी पाहिलेली आहे. डिसेंबरात नात्यातल्या एका लग्नाला आम्ही अशाच एका रिसॉर्टवर गेलो होतो. जैन मुलगा, जैन मुलगी, आणि मांडवाच्या कोपऱ्यात एका टेबलावर पाटी, 'जैन काउंटर'. मैत्रिणींनो, जैनांच्या लग्नात जैन काउंटर! बाकीच्या टेबलांवर मग काय होतं ते तुम्हीच समजा. बटाटे, गाजर, कांदा, सगळं. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ते काउंटर सुरू झालं सव्वासहाला. वाढप्याला बिचाऱ्याला काय कळणार? त्याला सहा म्हणून सांगितलं होतं, तो सव्वासहाला आला. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती. तिने माझ्याकडे बघून हाताने 'राहू दे' अशी खूण केली. पुढे रात्री अकरापर्यंत तिथे दिवे होते, ढोल होते, आभाळात फटाके होते, आणि जैनांच्या लग्नात जैन बाई उपाशी होती. दिव्यांखाली पाखरांचा आणि किड्यांचा खच पडला होता. सकाळी झाडूवाली तो सुपलीत भरत होती, तेव्हा मी बाजूला बघितलं.

आपल्या धर्मातली सगळ्यात प्रसिद्ध वरात ही मांडवापर्यंत न पोहोचलेली वरात आहे. नेमिनाथांनी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकला आणि रथ मागे वळवला. ही कथा आपण मुलांना सांगतो. मग आपल्या वरातीत किडे मरतात ते कोणाच्या खात्यावर लिहायचं?

पाण्याचाही हिशेब केला, सवयच आहे. पाहुणे अडीचशे आणि राबणारी माणसं पन्नास, असे तीनशे. आंघोळी, स्वैपाक, भांडी, धुणी, हिरवळीला पाणी, सगळं मिळून माणशी रोजचं दीडशे लिटर धरा. मी कमीच धरतेय. दोन दिवसांचं झालं ९० हजार लिटर. जलजीवन मिशनचं प्रमाण खेड्यात माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे ८०० वस्तीच्या गावाचं दोन दिवसांचं पाणी. तेही वैशाखात, टँकरने. याच आपल्या जिल्ह्यात २०१८ साली भारतीय जैन संघटनेने सरकारला बरोबर घेऊन 'सुजलाम् सुफलाम्'चं काम केलं. शंभरावर जेसीबी आणि पोकलेन तळ्यांतला गाळ काढत होते आणि शेतकरी तो गाळ शेतात नेत होते. आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो पुढे पाठवले होते. ज्या शांतीलालजी मुथ्थांनी १९८५ मध्ये ती संघटना काढली, त्यांचं सुरुवातीचं काम हुंडा आणि लग्नातली उधळपट्टी थांबवण्याचं, सामुदायिक विवाहांचंच होतं. गाळ काढणारे आपण आणि त्याच जिल्ह्यात टँकर मागवून हिरवळ भिजवणारेही आपणच?

भाऊ म्हणतो, गावातल्या लोकांना रोजगार मिळतो. मी फाइल पुन्हा चाळली. आचारी इंदूरचे, सजावट पुण्याची, डीजे नागपूरचा. गावाच्या वाट्याला आलं भांडी घासणं आणि गाड्या लावून देणं. दुसरं म्हणाला, पंतप्रधानच म्हणालेत लग्नं देशात करा. हो, २०२३ मध्ये 'मन की बात'मध्ये म्हणाले होते, परदेशात जाऊन लग्नं करणाऱ्यांना. मेहकर तालुक्यातलं शेत विका असं काही म्हणाले नव्हते.

शेताचंच बोलू. तो भाग मला सगळ्यात जास्त लागला आहे.

२०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये. बाजारात तोही मिळाला नाही, पण हमीभावच धरू. ४४ लाख ८४ हजार म्हणजे ९१६ क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल धरलं तर ११४ एकरांचं एका हंगामाचं पीक, बी-खताचा खर्च न काढता. दोन दिवसांत.

आणि ते तीन एकर कोणाचं? आजोबांपासून चालत आलेलं. बाबा गेल्यावर २००७ मध्ये, राखीच्या आठवड्यात, मी मेहकरच्या रजिस्ट्री ऑफिसात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. भावाने पैठणी घेतली मला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. आपल्यात बहिणी असंच करतात, आणि मला वाटलं, शेत एकत्र राहील, आईचं भागेल. मला माहीत होतं की २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळालाय आणि तो कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. तरी सोडलं. पंपास गवतासाठी सोडलं नव्हतं.

आता तीच गोष्ट भाचीला लागू होते. त्या तीन एकरांत तिचाही हिस्सा आहे. तो विकून तिचंच लग्न होतंय आणि तिला त्यातलं काहीही सांगितलेलं नाही. तिला वाटतंय बाबांनी बचत केलीय. मुलीच्या लग्नाला एवढा खर्च केला, आता तिचं देणं संपलं, असं पुढे हेच घर म्हणणार. मी सासरमाहेर दोन्हीकडे ऐकलंय ते वाक्य. मुलीला बैलगाडी द्यायची आणि जमीन काढून घ्यायची, याला थाट म्हणायचं का?

लासूर स्टेशनची बातमी तुम्हाला आठवत असेल. डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या एका व्यापाऱ्याने मुलीच्या लग्नाचा बडेजाव टाळून बेघर कुटुंबांना ९० घरं बांधून दिली. नवरा-नवरीच्या हातून वाटली. पेपरात फोटो आले, थोडा गाजावाजा झालाच, होऊ दे. ती घरं उभी राहिली. प्रत्येकाची तेवढी ऐपत नसते, माझ्या भावाची तर नाहीच. त्याला मी एवढंच सांगितलं की गावातल्या आपल्या वाड्यासमोर मांडव घाल. सकाळी मंदिरात अभिषेक, अकराला लग्न, एकपासून पंगती. वरण-बट्टी, गंगाफळाची भाजी, कढी, बुंदी. यात कांदा-बटाटा लागतच नाही, वेगळी पाटीही लागत नाही. दिवाणजी, माळ्याचं घर, ऑफिसचे चाळीस जण, सगळे एका ओळीत. पाणी आपल्या विहिरीचं, गाळून. साडेपाचपर्यंत शेवटची पंगत उठते आणि आई सगळ्यांबरोबर जेवलेली असते. मी खर्चाचा अंदाज काढून दिलाय, नऊ लाखांच्या आत बसतो. शेत जागेवर राहतं. निसर्ग तर तिथे आहेच, बांधावर चार आंबे आहेत आजोबांनी लावलेले.

भाऊ म्हणाला, "दोन लाख ॲडव्हान्स दिलाय ताई, परत मिळत नाही." अरे बाबा, गेलेले दोन लाख गेले. त्यांना सोबत म्हणून मागून ४३ लाख पाठवायचे नसतात. हे कळायला बी.कॉम.सुद्धा लागत नाही, आईला विचार.

भावजय माझ्यावर रागावली आहे. जाताना तिने खाली वाकून नमस्कार केला, पण बोलली नाही. तिची बाजूही मला कळते. मुलाकडच्यांनी तोंडाने काही मागितलेलं नाही, पण त्यांच्या मोठ्या मुलाचं लग्न उदयपूरला झालं होतं, आणि हिला रात्री झोप लागत नाही. हुंडा मागत नाहीत हल्ली, ठिकाण दाखवतात. त्या बाईंशी मी स्वतः बोलायला तयार आहे, आणि या ब्लॉगवरच्या ज्यांना मुलगे आहेत त्यांना तर आताच विचारते. तुमच्या सुनेच्या माहेरचं शेत विकलं जातंय हे तुम्हाला माहीत असतं का? की विचारायचंच नसतं?

भाचीला मी सातबाऱ्याबद्दल सांगितलं. खूप वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "आत्या, तो उतारा मला व्हॉट्सॲपवर पाठव." मी लगेच फोटो काढून पाठवला, गट नंबरावर पेनने गोल करून. निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.