पॅलिओला भंगारात ढकलू नका

दोन दारांची वेगवान मोटार खानदेशात फारशी कुणी पाहिलीच नाही. आमच्या पिढीची वेगाची हौस भागवली २००१ साली आलेल्या फियाट पॅलिओ १.६ने. दिसायला घरगुती हॅचबॅक, पण आत १५९६ सीसीचं, शंभर अश्वशक्तीचं इंजिन. मारुती ८००ची ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी होती.

माझी पॅलिओ अजून चालते. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला निघावं, पुढे केळीचा ट्रक रेंगाळत असावा. तिसरा गिअर टाकला की गाडी झेपावते. टर्बो नाही, त्यामुळे पाय दाबल्यावर वाट पाहणं नाही. धुळ्यापुढे लळिंग घाटाच्या वळणांवर तर तिचं अंगचं वजनच भरवसा देतं. पेट्रोल भरपूर पिते, मागे तिघं दाटीवाटीनं बसतात, सुटे भाग शोधत फिरावं लागतं. मला हे सगळं मान्य आहे, कारण स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. आजच्या हलक्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ते सुख नाही.

पण अशी जुनी गाडी जपायची, तर नियम आडवे येतात. पन्नास वर्षांची गाडी कायद्यानं व्हिंटेज ठरते. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला मात्र ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये फी आहे. मधल्या तीस वर्षांत गाडीनं जगायचं कसं? फिटनेस आणि पीयूसी काटेकोर तपासा, वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला. पण जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग करा आणि त्यांची फी कमी ठेवा.