पराक्रम आमचा, पडदा चीनचा

३१ मार्च २०१५ च्या रात्री येमेन पेटलेले असताना ‘आयएनएस सुमित्रा’ने एडनहून ३४९ भारतीयांना उचलले. ‘ऑपरेशन राहत’ संपले तेव्हा ४,६०० हून अधिक भारतीय आणि ४१ देशांचे सुमारे ९६० नागरिक सुखरूप बाहेर पडले होते. स्वतःच्या नागरिकांसाठी मोहीम न काढणाऱ्या महासत्तेचे, अमेरिकेचे, लोकही त्यांत होते!

चीनने येमेनमधून सुमारे ६०० चिनी आणि २२५ परदेशी नागरिक हलविले. लढाई न करता. तरीही २०१८ मध्ये दांते लाम यांच्या ‘ऑपरेशन रेड सी’त चिनी नौसैनिक रणगाड्यांशी झुंजले. चिनी नौदलाने साह्य दिले, प्रेक्षकांनी चित्रपटगृहे भरली.

आणि आमची चित्रपटसृष्टी? तिने २०१६ साली ‘एअरलिफ्ट’ काढला, तोही १९९० च्या कुवेतचा. त्यात नायक व्यापारी आणि, एखादा सहृदय अधिकारी वगळता, शासन निर्ढावलेले. या चित्रणावर परराष्ट्र मंत्रालयालाच आक्षेप नोंदवावा लागला. येमेनसाठी तर कल्पित रणगाड्यांचीही गरज नव्हती. धक्क्याला लागणे धोक्याचे झाले तेव्हा छोट्या होड्यांतून माणसे ‘आयएनएस मुंबई’वर आणली गेली. एवढे एक दृश्य कोणाही दिग्दर्शकास पुरे होते.